देवाच्या दारातील अडसर आणि राजर्षी शाहू छत्रपती

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असे संस्थेच्या मंडळींनी सांगितले, तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते राजर्षी शाहू छत्रपतींचे. त्यांच्यावर आता आणखी काय लिहायचे, असे पुष्कळांना वाटेल. पाठ्यपुस्तकात धडा आहे. २६ जूनला प्रभातफेरी निघते, भाषणे होतात, मुले राखीव जागा, राधानगरीचे धरण आणि खासबागेचे मैदान घडाघडा सांगतात. मी स्वतः वर्गात हेच शिकवीत आलो आहे. तथापि शिकवता शिकवता मला असे वाटू लागले, की या सगळ्या कामांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट आपण मुलांना सांगतच नाही. माणूस आणि त्याचा परमेश्वर यांच्यामध्ये उभे राहण्याचा अधिकार कोणाला आहे, या प्रश्नाशी महाराजांना उमेदीची सगळी वर्षे झुंजावे लागले. तो झगडा त्यांनी मागून घेतलेला नव्हता, तो त्यांच्या वाट्याला आला.

आणि तो आपल्यापासून फार दूर घडलेला नाही. गडहिंग्लज हा करवीर संस्थानातलाच एक पेटा. आपल्या हिरण्यकेशीच्या काठाने खाली गेले, की थोड्याच अंतरावर संकेश्वर लागते. तेथील शंकराचार्यांचा मठ या प्रकरणात किती मोठा होता, हे पुढे येईलच. बाजाराच्या निमित्ताने आपण सगळेच संकेश्वरला जातो. त्या वाटेवर हा इतिहास कोणाच्या ध्यानात येत नाही, एवढेच.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. जन्मनाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. आई अगदी लहानपणीच गेली. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे वारले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि दहा वर्षांचेही न झालेले हे मूल छत्रपतींच्या गादीचे वारस झाले. दोन वर्षांनी वडीलही गेले. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षात, राज्याचा अधिकार हाती आला. पाठोपाठ दुष्काळ आला, प्लेग आला. तरुण राजाची पहिली पाच-सहा वर्षे धान्य, पाणी आणि रोग यांच्या मागे धावण्यात गेली.

धर्माच्या बाबतीत ते या काळात अगदी जुन्या वळणाचे होते. घराण्याचे कुलाचार, अंबाबाई, भवानी, सणवार, नदीचे स्नान, सारे काही मनापासून. हे मुद्दाम सांगतो. कारण पुढे त्यांच्यावर धर्म बुडवल्याचा आरोप झाला आणि आजही काही लोक त्यांना देव न मानणारे समजतात. देवाकडे पाठ फिरवलेल्या माणसाला देवळाच्या दारात कोण उभे आहे याची पर्वा नसते. ज्याला आत जायचे असते त्यालाच ती असते.

१८९९ साली कार्तिकस्नानाच्या दिवसांत महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात. बरोबर मंत्र म्हणायला भटजी असत. मुंबईचे विद्वान पंडित राजारामशास्त्री भागवत त्या वेळी पाहुणे म्हणून सोबत होते. शास्त्रीबुवांच्या लक्षात आले, की पुरोहित जे म्हणत आहे ते वेदातले मंत्र नाहीत, पुराणातले श्लोक आहेत. त्यांनी ते महाराजांच्या नजरेस आणून दिले. महाराजांनी विचारणा केली तेव्हा पुरोहिताने सांगितले, की शूद्राचे धर्मकृत्य पुराणोक्तानेच करायचे असते. हा पुरोहित स्वतः अंघोळ न करताच आला होता आणि पुराणोक्तासाठी त्याची गरजही नाही असे त्याचे म्हणणे पडले, अशीही हकिकत सांगतात.

विद्यार्थी मित्रांना यातले मर्म चटकन कळणार नाही, म्हणून थोडे थांबतो. वेदोक्त म्हणजे वेदांतील मंत्रांनी केलेला संस्कार. पुराणोक्त म्हणजे पुराणांतील श्लोकांनी केलेला. त्या काळच्या पुरोहितवर्गाचे म्हणणे असे, की वेद ऐकण्याचा व त्यांच्या मंत्रांनी संस्कार करवून घेण्याचा अधिकार वरच्या तीन वर्णांनाच आहे. त्यावर आणखी असेही मत होते, की कलियुगात खरे क्षत्रिय उरलेच नाहीत, उरले ते ब्राह्मण आणि शूद्र. म्हणजे शिवछत्रपतींच्या गादीवरचा राजा हाही शूद्रच. वास्तविक शिवछत्रपतींचा राज्याभिषेक १६७४ मध्ये रायगडावर गागाभट्टांनी वेदोक्त रीतीनेच केला होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९६ पासून राजवाड्यात वेदोक्त सुरू केले होते. तरीही नदीच्या घाटावर कोल्हापूरच्या छत्रपतीला सांगण्यात आले, की परमेश्वराचा जो शब्द धर्मात सर्वांत पवित्र मानला जातो, तो तुमच्या कानांसाठी नाही.

राज्याच्या मालकाला हे ऐकावे लागले. मग त्याच नदीत पुढच्या घाटावर कपडे धुणाऱ्याने काय ऐकले असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

महाराजांनी तडकाफडकी काही केले नाही, हा त्यांचा मोठेपणा. आधी शास्त्रे काय म्हणतात याची चौकशी केली, जाणकारांना विचारले, मग राजवाड्यातील धर्मकृत्ये वेदोक्ताने करावीत असा हुकूम केला. राजघराण्याचे वंशपरंपरागत पुरोहित म्हणजे राजोपाध्ये. त्यांना या कामासाठी मोठे इनाम होते. त्यांनी नकार दिला. नारायणशास्त्री सेवेकरी या दुसऱ्या ब्राह्मणाने पुढे होऊन १९०१ मध्ये राजवाड्यात वेदोक्त श्रावणी केली, तर कोल्हापूरच्या ब्रह्मवृंदाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. महाराजांनी समिती नेमली. समितीतील बहुमताने छत्रपतींचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला. तरी राजोपाध्ये बधेनात. अखेर १९०२ साली त्यांचे इनाम दरबारने जप्त केले. अपील इंग्रज अधिकाऱ्यांकडे गेले, मुंबई सरकारकडे गेले, थेट व्हॉइसरॉयपर्यंत गेले आणि सगळीकडे फेटाळले गेले.

या काळात वर्तमानपत्रांतून जे रण माजले त्याची कल्पना आज येणार नाही. लोकमान्य टिळकांसारख्या देशभक्तानेही १९०१ साली केसरीतून या मागणीविरुद्ध लिहिले. टिळकांबद्दल मला आदर आहे, तुरुंगवास भोगलेला माणूस आहे तो. पण परकीय सरकारकडे हक्क मागणारा पुरुष घरातल्या माणसाचा हक्क ओळखू शकला नाही, हे वर्गात सांगताना माझी जीभ दरवेळी अडखळते आणि तरी मी सांगतो.

आता संकेश्वरची गोष्ट. संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांचा शब्द या भागातील धर्मव्यवहारात शेवटचा समजला जाई. कोणाला वाळीत टाकायचे, कोणाला शुद्ध करून घ्यायचे, हे तेथून ठरे. मठाला इनामे होती आणि ती छत्रपतींच्या घराण्याकडूनच चालत आली होती. वेदोक्ताच्या वादात मठाचे वजन पुरोहितांच्या बाजूला पडले. पुढे गादीवर शिष्य नेमण्यावरून मठ आणि दरबार यांच्यात बिनसले आणि १९०३ मध्ये दरबारने मठाची मिळकत ताब्यात घेतली. दोन वर्षे हा पेच चालला. १९०५ साली पीठाने छत्रपतींना क्षत्रिय मानून त्यांचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला. म्हणजे सहा वर्षे जे शास्त्राविरुद्ध होते, ते मिळकत अडकल्यावर शास्त्राला धरून झाले! शास्त्राचे शब्द तेच होते. मग बदलले काय? ज्यांनी धर्माचा आधार घेऊन अडवले त्यांच्यापैकी किती जणांना खरोखर धर्माची चिंता होती आणि किती जणांना आपल्या जागेची, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

येथे एक शंका घेतली जाते व ती रास्त आहे. हा सगळा राजाच्या मानापमानाचा खेळ नव्हता काय? सामान्य रयतेला वेदोक्त मिळाले काय आणि पुराणोक्त मिळाले काय, तिच्या भाकरीत काय फरक पडणार? मलाही कॉलेजात असताना असेच वाटे. सुरुवात मानाच्या प्रश्नानेच झाली, हे मान्य केले पाहिजे. शिवाय राजाच्या हातात सत्ता होती. इनाम जप्त करणे त्याला जमले. पंढरपूरच्या देवळाबाहेर उभ्या राहिलेल्या चोखोबांच्या हाती जप्त करायला काहीच नव्हते. पण माणसाची पारख अपमान झाल्यावर तो काय करतो यावरून होते. पुष्कळ लोक स्वतःपुरते दार उघडून घेतात आणि आत गेल्यावर ते मागून लावून घेतात. शाहू महाराजांनी तसे केले नाही. आपल्याला जे बोचले ते आपल्याखालच्यांना रोज बोचते आहे, हे त्यांना घाटावर कळले आणि पुढची वीस वर्षे ते विसरले नाहीत.

१९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. मग एकापाठोपाठ एक जातिजमातींची वसतिगृहे निघत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झाले. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या गेल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम निघाला. या सगळ्याकडे आपण शिक्षणाचे कार्य म्हणून पाहतो व ते बरोबरच आहे. पण महाराजांच्या मनात ते धर्माच्या प्रश्नापासून वेगळे नव्हते. ज्याला वाचता येते, त्याला पोथीत काय आहे हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही. अज्ञान हेच दारातल्या माणसाचे भांडवल. ते संपल्याशिवाय दार मोकळे होणार नाही, हे त्यांनी ओळखले.

अस्पृश्यतेच्या बाबतीत त्यांनी जे केले त्याचे वर्णन करायला वेगळा लेख पाहिजे. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने, धर्मशाळा येथे शिवाशिव पाळण्यास बंदी झाली. गंगाराम कांबळे या अस्पृश्य माणसाला चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः गाडी थांबवून सर्वांदेखत त्याच्या हातचा चहा घेतला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत तरुण डॉ. आंबेडकरांचे पुढारीपण जाहीरपणे मान्य केले. त्या काळी राजाने असे करणे म्हणजे केवढे धाडस, ते गाव-खेड्यात राहणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

धर्माधिकाराच्या बाबतीत मात्र त्यांनी एक पाऊल असे टाकले की ज्याबद्दल मला अजून खात्री नाही. पुरोहित अडवतात तर आपले पुरोहित तयार करू, या विचाराने १९२० मध्ये शिवाजी वैदिक विद्यालय काढून मराठा मुलांना संस्कारांचे शिक्षण दिले. हे समजण्याजोगे आहे. त्याच वर्षी शंकराचार्यांच्या जागी मराठ्यांचा स्वतंत्र धर्मगुरू म्हणून क्षात्रजगद्गुरूचे पीठ निर्माण केले आणि त्यावर सदाशिवराव पाटील-बेनाडीकर या सुशिक्षित तरुणाला बसवले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांतील काहींना हे पटले नाही. जगद्गुरूची गादीच कशाला हवी, असे त्यांना वाटले. फुल्यांनी तर देव आणि माणूस यांच्यात दलाल नकोच म्हटले होते. मला सत्यशोधकांचे म्हणणे अधिक सरळ वाटते. एक अडसर काढून तिथे आपला लाकडी दांडा ठेवला, तर तो पुढे कधी आडवा होईल सांगता येत नाही. पण महाराजांना राज्य चालवायचे होते आणि लोकांना लग्न, बारसे, श्राद्ध यांसाठी उद्याच्या उद्या कोणीतरी हवा होता, हेही खरे.

आता आपल्या समाजाकडे येतो. बंधू-भगिनींनो, आतापर्यंतची हकिकत वाचताना आपल्यापैकी काहींना मनातून बरे वाटले असेल, की चला, हा दुसऱ्यांच्या घरातला तंटा आहे, आपल्यात पुरोहित नाहीत, आपल्यात अल्लाह आणि बंदा यांच्यामध्ये कोणी नाही. सिद्धांत म्हणून हे शंभर टक्के खरे आहे. व्यवहार काय आहे?

शाहू महाराजांनी आपल्यासाठी काय केले ते आधी पाहू. मराठा बोर्डिंग निघाले तेव्हा त्यात त्यांनी मुसलमान मुलांनाही ठेवून घेतले होते. पण त्यांना वाटे, की या समाजाने स्वतः पुढे येऊन आपल्या मुलांची व्यवस्था पाहावी. १९०६ साली त्यांनी कोल्हापुरातील प्रमुख मुसलमान मंडळींना बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. एका हिंदू राजाने मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष व्हावे, ही गोष्ट त्या वेळी हिंदुस्थानात किती ठिकाणी घडली असेल? दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंगसाठी जागा दिली, इमारतीला पैसे व लाकूड दिले. आणखी एक गोष्ट केली, तिचे महत्त्व मला सर्वांत अधिक वाटते. मशिदी-दर्ग्यांच्या इनामांच्या उत्पन्नातला भाग त्यांनी मुलांच्या शिक्षणाकडे वळवला. पिराच्या नावाने आलेला पैसा पोराच्या पुस्तकाला लागला, तर पीर रागावणार नाही, एवढा त्यांचा विश्वास होता. पूर्वी संकेश्वरच्या मठाच्या मिळकतीला हात घालणारा हाच राजा. त्याने आपल्या आणि परक्यांच्या देवस्थानांत फरक केला नाही.

त्यांच्या दरबारी गायक उस्ताद अल्लादियाखाँ होते, खासबागेत पंजाबचे मुसलमान पहिलवान लढत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दुसरे एक काम फार थोड्यांना ठाऊक असते. कुराणे शरीफचे मराठी भाषांतर व्हावे म्हणून महाराजांनी दरबारातून २५,००० रुपये मंजूर केले. त्या काळचे पंचवीस हजार! प्राथमिक शाळेच्या मास्तराला तेव्हा महिन्याला जे थोडे रुपये मिळत ते मनात आणले, म्हणजे या रकमेचा अंदाज येईल.

हे त्यांना का सुचले असेल? याचा मी पुष्कळ विचार केला. त्यांना ना मते मिळवायची होती ना कोणाची मर्जी. मला असे वाटते, की पंचगंगेच्या घाटावर ज्याला सांगितले गेले की पवित्र शब्द तुझ्यासाठी नाही, त्यालाच हे सुचू शकते. कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, आजरा या भागातला मुसलमान घरात दखनी बोलतो, बाजारात मराठी बोलतो, आपल्या बाजूला तर कानडीही बोलतो. अरबी तो पढतो, पण समजत नाही. ज्या किताबाची पहिली आज्ञाच वाचण्याची आहे, ती त्याला वाचता येऊन न वाचल्यासारखी राहते. महाराजांनी हे दुरून पाहिले आणि त्यांना ते आपल्याच दुखण्यासारखे वाटले असावे.

आपल्याच इतिहासात याचा दाखला आहे. दिल्लीचे शाह वलीउल्लाह यांनी अठराव्या शतकात, १७३८ च्या सुमारास, कुराणाचा फारसी तर्जुमा पुरा केला. त्या वेळी शिकल्यासवरल्या मुसलमानांची भाषा फारसी होती. हेतू एवढाच, की लोकांना अर्थ कळावा. त्यावर आलिम म्हणवणाऱ्यांपैकीच अनेकांनी गहजब केला. सामान्य माणूस अर्थ वाचून वाट चुकेल, असे त्यांचे म्हणणे. शाहसाहेब डगमगले नाहीत. पुढे त्यांचे पुत्र शाह रफीउद्दीन व शाह अब्दुल कादिर यांनी उर्दू तर्जुमे केले आणि त्याच उर्दू तर्जुम्यांच्या आधारावर पुढे मौलवी तयार होऊ लागले. सर सय्यद अहमद खानांनी १८७५ मध्ये अलीगढला मदरसा काढला, तेव्हा त्यांच्याविरुद्ध कुफ्रचे फतवे थेट मक्केहून आणवले गेले. आज त्याच अलीगढची पदवी लावणाऱ्या जावयासाठी आपण धावाधाव करतो.

सर्व धर्मगुरू असे असतात असे माझे म्हणणे नाही. राजारामशास्त्री भागवत ब्राह्मण होते, नारायणशास्त्री सेवेकरी ब्राह्मण होते. शाह वलीउल्लाह स्वतः आलिमांचे आलिम होते. अडसर काढणारा हातही पुष्कळदा आतूनच येतो. मला लहानपणी सिपारा शिकवणारे एक बुजुर्ग होते, उच्चार इतके सुंदर की अजून कानात आहेत. ते मुलांना कधी ओरडले नाहीत. पण त्यांच्यानंतर जे आले त्यांना मी एका आयतीचा अर्थ विचारला तेव्हा छडी मिळाली. छडीचे दुःख नव्हते, शाळेत त्याहून जास्त मिळत होत्या. पण त्या दिवसापासून मी अर्थ विचारणे बंद केले ते थेट बी. ए. होईपर्यंत.

माझी दादी निरक्षर होती. यासीन शरीफ तिला तोंडपाठ. फजरनंतर चुलीपाशी बसून ती म्हणायची. तरुणपणी तिनेही कोणाला तरी विचारले होते, की यात काय सांगितले आहे. बायकांना अर्थाची काय गरज, सवाब पढण्याचा मिळतो, असे तिला सांगण्यात आले. तिने ते मानले. मी बी. एड. करत असताना मराठी तर्जुम्याचे एक पुस्तक घरी आणले आणि एका दुपारी तिला यासीनचा अर्थ वाचून दाखवला. मेलेल्या जमिनीला जिवंत करून तिच्यातून धान्य काढण्याची, खजुरीच्या व द्राक्षाच्या बागांची जागा आली, तेव्हा तिने मला थांबवले आणि ते पुन्हा वाचायला लावले. तिचे सगळे आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात भांगलणीला गेले होते. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. साठ वर्षे हे मी रोज म्हणत होते, एवढेच ती नंतर पुटपुटली. तिला मिळायचा तो सवाब मिळालाच असेल, त्यात मला शंका नाही. पण साठ वर्षे तिला ही बाग कोणी दाखवली नाही.

पालकांना याच संदर्भात एक गोष्ट विनवायची आहे. चार-पाच वर्षांमागे माझ्या वर्गातील एक हुशार मुलगी आठवीनंतर शाळेतून काढली गेली. वडील भले माणूस, मुलीवर जीव होता. पण कोणी जाणत्या माणसाने त्यांना सांगितले होते, की मुलगी जास्त शिकली की दीन सुटतो. मी घरी गेलो, दोन वेळा गेलो. वडिलांनी चहा दिला, मान खाली घातली आणि माझे सगळे ऐकून घेतले. मुलगी आतल्या खोलीच्या पडद्याआड उभी होती, तिची पावले दिसत होती. मी तिला परत आणू शकलो नाही. त्या जाणत्या माणसाला दीनाची काळजी होती की आपल्या शब्दाच्या वजनाची, हे मी त्यांना विचारायला हवे होते. धीर झाला नाही. शाहू महाराजांवर दरवर्षी भाषण करणाऱ्या मास्तराला तेवढाही धीर होऊ नये, याची लाज वाटते म्हणून येथे लिहून ठेवतो.

महाराजांची शेवटची वर्षे आजारपणात आणि दुःखात गेली. धाकटे चिरंजीव शिवाजी १९१८ मध्ये शिकारीत अपघाताने वारले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरी दौरे, परिषदा, हुकूम थांबले नाहीत. ६ मे १९२२ रोजी मुंबईस, खेतवाडीतील पन्हाळा लॉजवर, त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. पार्थिव कोल्हापूरला आणले तेव्हा रस्त्यावर सर्व जातिधर्मांची माणसे उभी होती.

कुराणाच्या मराठी भाषांतराचे काम त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. मराठी तर्जुमे पुढे इतरांच्या हातून झाले आणि आज ते सहज मिळतात. मुस्लिम बोर्डिंग दसरा चौकात उभेच आहे. कोल्हापूरला गेलात, की मुलांना घेऊन तेथे जरूर जा आणि मुलींनाही बरोबर न्या.